कॅरॅक्टर मेलं, देह गाडीत आहे आणि खेळाडूचं ठरत नाहीये. परत आणायचं का आणि कसं?

विसाचा_फासा:
मंडळी, जरा लांबलचक लिहितेय पण सल्ला मनापासून हवाय.

मी डीएम, म्हणजे खेळ चालवणारी. आमचं कॅम्पेन (सलग चालणारी गोष्ट) डीअँडडी (डन्जन्स अँड ड्रॅगन्स, टेबलावर फाशांनी खेळायचा गोष्टीचा खेळ) पाचव्या एडिशनवर चालतं, २०१४चे नियम, पार्टी, म्हणजे खेळाडूंच्या कॅरॅक्टर्सचा गट, सातव्या लेव्हलला आहे. मागच्या सेशनला (खेळाच्या बैठकीला) आमची रेंजर (रानात माग काढणारी लढवय्यी) गेली. घुलांची (प्रेतं खाणाऱ्या राक्षसांची) टोळी होती, ती एकटी पुढे अडकली, शून्य एचपीवर (जीव किती उरलाय तो आकडा) कोसळली, पुढच्या टर्नला डेथ सेव्ह (जगण्यासाठीचा फासा, तीन फेल झाले की मृत्यू) फेल, आणि क्लेरिकचा (देवाच्या शक्तीने मंत्र टाकणाऱ्याचा) टर्न यायच्या आत एका घुलाचा चावा लागला. बेशुद्ध पडलेल्याला पाच फुटांच्या आतून हल्ला लागला की तो आपोआप क्रिटिकल (जबर फटका), आणि शून्यावर असताना क्रिटिकल बसला की एकदम दोन फेल. आधीचा एक आणि हे दोन, झाले तीन. फासे सगळ्यांसमोर टाकले होते त्यामुळे कुणाची तक्रार नाही, टेबलावर सगळे नुसते गप्प झाले.

क्लेरिककडे रिव्हिव्हिफाय (नुकत्याच मेलेल्याला उठवणारा स्पेल, म्हणजे मंत्र) आहे. पण त्याला ३०० सोन्याच्या नाण्यांचे हिरे लागतात आणि ते आधीच्याच लढाईत पॅलाडिनला (शपथ घेतलेल्या योद्ध्याला) उठवण्यात गेले. रेझ डेड, म्हणजे मेलेल्याला परत आणणारा मोठा स्पेल, पाचव्या लेव्हलचा (स्पेलची लेव्हल कॅरॅक्टरच्या लेव्हलपेक्षा वेगळी मोजतात), तो क्लेरिकला नवव्या लेव्हलशिवाय मिळत नाही. म्हणून मग त्यांनी जेंटल रिपोझ (देह कुजू न देणारा स्पेल) टाकून देह गाडीत ठेवला आणि आता मोठ्या मंदिराच्या शहराकडे निघालेत, तिथला मुख्य पुजारी रेझ डेड करू शकेल या आशेवर.

इथपर्यंत ठीक. अडचण अशी की रेंजर खेळणारा मित्र स्वतः काहीच ठरवत नाहीये. एकदा म्हणतो नवीन कॅरॅक्टर करतो, एकदा म्हणतो बघू, आणि बाकीचे तिघं मात्र भयंकर उत्साहात आहेत, पैसे मोजून झाले, रस्ता ठरला, कोण पुजाऱ्याशी बोलणार तेसुद्धा ठरलं. माझं मत असं आहे की आधी ज्याचं कॅरॅक्टर त्याने बोलावं. पण बाकीच्यांनी एवढा जीव लावलाय तर त्याचंही काही वजन असायला हवं ना? तुम्ही तुमच्या टेबलावर हे कसं हाताळता?

अर्धाएल्फ:
तुम्हाला हवं ते उत्तर नियमातच दिलेलं आहे, फक्त लोक ते वाक्य वाचून पुढे जातात. रेझ डेडमध्ये स्पष्ट लिहिलंय की आत्मा मोकळा हवा आणि परत यायला राजी हवा. डीएमच्या पुस्तकात तर त्याच्याही पुढे जाऊन सांगितलंय की बोलावणारा कोण आहे, त्याचं नाव काय, त्याची अलाइनमेंट (चांगल्या-वाईटाकडचा कल) काय, तो कुठल्या देवाचा, हे आत्म्याला कळतं, आणि तेवढ्यावरून तो नकार देऊ शकतो.

आता याचा अर्थ बघा. नकार देण्याची सोय गोष्टीच्या आतच आहे, म्हणजे तुमच्या मित्राला "मला नको" असं तिघांच्या तोंडावर सांगायची गरजच नाही, ते त्याची रेंजर सांगेल. पण त्यासाठी आधी त्याच्याशी एकट्याशी बोलून घ्या, सेशनच्या बाहेर, घाई न करता. टेबलावर सगळ्यांसमोर विचारू नका. तिघं जण "ये ना रे" म्हणत असताना कोण नाही म्हणणार? आणि मग तो पुढचे सहा महिने नको असलेलं कॅरॅक्टर ओढत बसतो, असं होताना पाहिलंय मी.

विचारताना "परत यायचंय का" एवढंच विचारू नका. त्या रेंजरचं काय काय राहिलंय ते विचारा. तिचा सूड बाकी आहे का, कुणाला शब्द दिलाय का, का तिची गोष्ट त्याच्या मते पूर्ण झालीच होती. बऱ्याच जणांना उत्तर माहीत असतं, फक्त प्रश्न कुणी नीट विचारलेला नसतो.

जुना_गडी:
मी जरा उलट बाजूने बोलतो. तुमच्या पिढीला परत येणं फार स्वस्त मिळालंय. १९८९च्या दुसऱ्या एडिशनमध्ये रेझ डेड झालं की रेसरेक्शन सर्व्हायव्हलचा (परत येणं जमतं का याचा) रोल असायचा, कॉन्स्टिट्यूशन (शरीराचा काटकपणा) १० असेल तर ७५ टक्के, म्हणजे चारातला एक कायमचा गेला. जो परत यायचा त्याचा कॉन्स्टिट्यूशनचा एक पॉइंट कायमचा कमी. आणि एल्फ असाल तर रेझ डेड चालायचंच नाही. तिसऱ्या एडिशनमध्ये, २००० साली, परत आलात की एक लेव्हल खाली. त्यामुळे माणूस दार उघडण्याआधी विचार करायचा, पुढचा दगड काठीने ठोकून बघायचा. मरणाला किंमत होती म्हणून जगण्यात मजा होती.

माझ्या टेबलावर आजही मंदिरात जाऊन पैसे टाकले आणि माणूस घेऊन आलो असं होत नाही. हिरे मिळवायला लागतात. ३०० नाण्यांचे हिरे प्रत्येक गावात मिळतात हे कुणी सांगितलं? हिरा कुठे आहे, कुणाकडे आहे, तो का देईल, हे मी आधी लिहून ठेवतो. पाचव्या एडिशनमधली खरी सूट म्हणजे डीएम जेव्हा हिऱ्यांचा हिशोब सोडून देतो ती. तो हिशोब ठेवा, अर्धं काम तिथेच होतं.

शाईदौत:
गडी काका, हिऱ्यांबद्दल शंभर टक्के पटलं. लेव्हल कापण्याबद्दल मात्र अजिबात नाही आणि का ते सांगते, कारण या सगळ्या चर्चेत मला हाच मुद्दा सगळ्यात मोठा वाटतो.

दंड कुणाला बसतोय ते बघा. ज्याचं कॅरॅक्टर मेलं तो आधीच अर्धं सेशन हात बांधून बसलाय, त्याची आवडती गोष्ट तुटलीय, आणि परत आल्यावर तो बाकीच्यांपेक्षा एक लेव्हल कमी. म्हणजे त्याचे हल्ले चुकणार, एचपी कमी, पुढच्या लढाईत मरायची शक्यता जास्त. मेल्याबद्दल त्याला आणखी मरायला सोपं करून ठेवलं आपण! आणि बऱ्याचदा तो मेला तो दुसऱ्या कुणाला वाचवताना. मग पुढच्या वेळी कोण पुढे जाईल? सगळे मागे उभे राहून बाण मारतील.

किंमत पाहिजेच. पण ती सगळ्या पार्टीने द्यावी आणि ती गोष्टीतली असावी. पुजारी काहीतरी मागेल. त्याच्या देवाला पार्टीतल्या कुणाची तरी खरी आठवण हवी असेल, कुणाची शपथ हवी असेल, मंदिराचं एखादं काम असेल जे पार्टीला मनापासून करायचं नाहीये. हे चालतं, कारण त्यातून पुढची पाच सेशन्स निघतात आणि परत आलेल्या माणसाला कळतं की आपल्यासाठी या लोकांनी काय सोडलं.

एक लाइव्ह-प्ले शोमधून (खेळ प्रेक्षकांना दाखवत खेळतात तो) पसरलेला नियम आहे तो मला फार आवडतो. विधी चालू असताना जास्तीत जास्त तिघं जण पुढे येतात आणि प्रत्येक जण काहीतरी देतो, कुणी प्रार्थना करतं, कुणी मेलेल्याची एखादी वस्तू ठेवतं, कुणी नुसतं बोलतं. डीएम त्यावर योग्य तो चेक (फासा टाकून जमतं का बघणं) घेतो. शेवटी डीएम एक डी२० (वीस बाजूंचा फासा) टाकतो, डीसी (गाठायचा आकडा) १० पासून सुरू, आधी जितक्या वेळा हे कॅरॅक्टर परत आलंय तितके एक-एक वाढवायचे. प्रत्येक यशस्वी अर्पणामागे डीसी तीनने कमी, फसलं तर एकने जास्त. आकडे सोपे आहेत पण टेबलावर काय होतं ते बघण्यासारखं असतं. एरवी तोंड न उघडणारा बार्बेरियनवाला पुढे येतो आणि म्हणतो, "तू मला वाचायला शिकवत होतीस, अजून निम्मी अक्षरं राहिलीत." आता सांगा, एक लेव्हल कापण्यात हे आहे का?

नवखा_डीएम:
छान धागा. आमची पार्टी दुसऱ्या लेव्हलला आहे, तिथे यातलं काहीच हाताशी नसतं. मग?

शाईदौत:
@नवखा_डीएम, खालच्या लेव्हलला मरण बहुतेक कायमचंच धरा आणि ते पहिल्याच दिवशी सांगून टाका. मॅसिव्ह डॅमेजचा नियम लक्षात ठेव, शून्यावर आणून उरलेलं डॅमेज जर मॅक्स एचपीएवढं किंवा जास्त असेल तर डेथ सेव्ह वगैरे काही नाही, सरळ मृत्यू. आठ-दहा एचपीच्या विझर्डला एखाद्या ओगरचा सोटा बसला की हे सहज होतं. प्रत्येकाकडून एक बॅकअप कॅरॅक्टर अर्ध्या पानाचं तरी लिहून घे. आणि मोठ्या शत्रूसमोर त्यांना पळायची वाट ठेव, कुणी पळालं तर त्याचा मान ठेव.

पार्टीतली_चोरटी:
मी डीएम नाही, खेळाडू आहे, आणि माझं कॅरॅक्टर गेलंय म्हणून त्या बाजूने लिहिते. कुणी हे सांगत नाही म्हणून सांगते, सगळ्यात वाईट भाग मरणाचा नसतोच. वाईट असतं ते नंतरचे दोन तास. सगळे लढतायत आणि तू तिथे बसून फोन बघतेयस, मध्येच कुणीतरी दयेने विचारतं "बोअर होतंय का गं?"

आमच्या डीएमने काय केलं ते सांगते. त्याने लगेच माझ्यासमोर राक्षसांचं पान सरकवलं आणि म्हणाला दोन नंबरचा राक्षस तू चालव. मी माझ्याच पार्टीला जीव तोडून मारत होते आणि सगळे ओरडत होते. पुढच्या सेशनला पार्टी माझा देह घेऊन फिरत होती तेव्हा मला वाटेत भेटणारी एक म्हातारी वाटाड्या दिली खेळायला, तिला तिची स्वतःची भानगड होती. त्यामुळे ठरवायला मला वेळ मिळाला. आणि गंमत म्हणजे ती म्हातारी खेळता खेळता मला कळलं की माझ्या चोरटीची गोष्ट खरंच संपलीय. तिने शेवटी धाकट्या भावाला सोडवलं होतं, तेवढ्यासाठीच तर ती घराबाहेर पडली होती. मग विधीच्या वेळी मी नकार दिला.

आणि तो नकार नुसता "नाही" नव्हता हां. डीएमने मला विचारलं की तिला पलीकडे काय दिसतंय, तू सांग. मी सांगितलं. प्रत्येकाशी दोन वाक्यं बोलून घेतली. पार्टीतला पॅलाडिन खूप चिडला (कॅरॅक्टर चिडलं, खेळणारा नाही), त्याचा देवावरचा विश्वास डळमळला आणि त्याच्यावर पुढे कितीतरी सेशन्स चालली. त्यामुळे विसाचा_फासा ताई, नकार आला तर बाकीच्यांची मेहनत वाया गेली असं समजू नका. त्यांना निरोप घ्यायला मिळेल, एवढं बघा फक्त.

विसाचा_फासा:
चोरटी, वाचून अंगावर काटा आला. वाटाड्याची कल्पना मी उचलतेय, हक्काने.

एक गोष्ट सांगायची राहिली. २०१४च्या जेंटल रिपोझमध्ये मीठ आणि दोन तांब्याची नाणी लागतात, देहाच्या दोन्ही डोळ्यांवर ठेवायची, आणि स्पेल चालू आहे तोवर ती तिथेच राहिली पाहिजेत. दहा दिवस. गाडी खडकाळ घाटातून चाललीय. तर आमच्या पॅलाडिनवाल्याने जाहीर केलं की तो गाडीत देहाच्या डोक्याशी बसणार आणि नाण्यांवर हात ठेवणार. मी विचारलं रात्री? म्हणाला आळीपाळीने. मग त्यांनी वेळापत्रक केलं कोण कधी बसणार त्याचं, आणि प्रत्येकाच्या पाळीत तो माणूस तिच्याशी काय बोलतो ते मी विचारत गेले. रेंजरवाला मित्र हे सगळं ऐकत होता. काही बोलला नाही पण शेवटपर्यंत उठला नाही.

राखणदार:
हे भारी झालंय! नाणी पडली की स्पेल संपतो हा नियम आमच्याकडे कुणी वापरतच नाही.

कामाच्या दोन-तीन गोष्टी. जेंटल रिपोझचे दिवस रेझ डेडच्या दहा दिवसांच्या मुदतीत धरले जात नाहीत, आणि स्पेल परत टाकता येतो, म्हणजे हिशोबाने तुमच्याकडे हवा तेवढा वेळ आहे. वेळेचं टेन्शन हवं असेल तर ते दुसरीकडून आणा, क्लेरिकच्या स्लॉट्समधून (दिवसाला किती स्पेल टाकता येतात त्यातून) किंवा पाठलाग करणाऱ्या शत्रूकडून. शिवाय त्या स्पेलने देह अनडेड (चालतं प्रेत) होत नाही, तुमच्या प्रदेशात घुल आहेत म्हणजे ते महत्त्वाचं आहे, कारण अनडेड झालेल्यावर रेझ डेड चालत नाही.

रेझ डेड तुटलेले अवयव परत देत नाही, आणि डोकंच नसेल तर स्पेल चालतच नाही. घुलांनी काय काय खाल्लं ते आत्ताच ठरवा, पुजाऱ्यासमोर उभं राहून नको. अवयव हवे असतील तर सातव्या लेव्हलचा रेसरेक्शन, १००० नाण्यांचा हिरा. रेझ डेडला ५०० चा लागतो. मध्ये एक आडवाटही आहे, ड्रुइडचं (निसर्गाच्या पुजाऱ्याचं) रीइन्कार्नेट, १००० नाण्यांची तेलं लागतात आणि नवीन शरीर कुठल्या जातीचं मिळेल ते फाशावर. एल्फ रेंजर हाफलिंग (बुटक्या लोकांची जात) होऊन उठली की सगळं कॅरॅक्टर नव्याने उभं राहतं. ज्या खेळाडूला "तीच हवी पण तशीच नको" असं वाटतंय त्याच्यासाठी हा पर्याय मला सगळ्यात छान वाटतो. तुमच्या मित्राला हा सांगून बघा, कदाचित तो दोन्हीच्या मध्ये अडकलाय तो यामुळेच.

आणि एक कळकळीची विनंती. "आत्मा मोकळा हवा" हे वाचून बऱ्याच डीएमना मोह होतो की आत्मा व्हिलनने पकडून ठेवलाय असं करू. करा, झकास होतं ते, पण खेळाडूला आधी सांगून करा. नाहीतर त्याला राजी असूनही परत येता येत नाही आणि का ते कळत नाही, महिनाभर तो लटकलेला. त्याला सांगितलं तर तोच तुम्हाला दहा कल्पना देईल की तुरुंगात तिचं काय चाललंय.

जुना_गडी:
एक शंका. हे सगळं इतकं ठरवून केलं तर मग फाशाला काय उरलं? खेळाडू हो म्हणाला म्हणजे विधी यशस्वी होणारच असेल तर पार्टीची धडपड खोटी पडते. शाईदौत यांनी सांगितलेल्या नियमात अपयश आहे म्हणून तो मला चालेल, पण मग रोल फसला तर तुम्ही खरंच "गेली" म्हणणार का? का ऐनवेळी पडद्यामागे आकडा बदलणार? बदलणार असाल तर टाकूच नका.

शाईदौत:
काका, याला मी विरोध करूच शकत नाही. फासा टाकला की मानायचा. म्हणूनच मी खेळाडूला आधी विचारते की तुला परत यायचं असेल तर धोका चालेल का. काही जण म्हणतात हो, टाक, त्यातच मजा आहे. काही जण म्हणतात मला खात्री हवी, मग मी फासा काढतच नाही, फक्त किंमत जास्त लावते. एकाच टेबलावर दोन माणसांसाठी दोन पद्धती असल्या तरी कुणाचं बिघडत नाही, आधी बोललेलं असलं की झालं.

आणि हे सेशन झीरोला (खेळ सुरू होण्याआधीच्या बैठकीला) बोलायला हवं, सगळ्यांनीच. नुसतं मरण चालेल का एवढंच नाही, कशा प्रकारचं चालेल तेही. कुणाच्या घरात नुकतंच कुणी गेलेलं असतं. त्याला डोक्याशी बसून नाणी सांभाळायचा सीन फार जवळचा वाटेल किंवा अजिबात सहन होणार नाही, आपल्याला बाहेरून कळत नाही. कॅम्पेन मध्यावर असलं तरी हा प्रश्न विचारता येतो, सेशनच्या आधी पाच मिनिटं पुरतात.

विसाचा_फासा:
काल मित्राशी निवांत बोलले, अर्धाएल्फ यांनी सुचवल्याप्रमाणे एकट्याशी. राखणदार यांचं रीइन्कार्नेटही सांगितलं, ते त्याला नको होतं. बराच वेळ तो दुसऱ्याच विषयावर बोलत होता, मग म्हणाला त्याला रेंजर परत हवी आहे पण एक गोष्ट खटकतेय. त्याची रेंजर आयुष्यभर देवळांपासून लांब राहिलेली, तिच्या गावाच्या जळण्यात त्याच देवाच्या लोकांचा हात होता (हे त्याच्या बॅकस्टोरीत होतं आणि मी मंदिर निवडलं तेव्हा ते माझ्या मनात होतंच, बघायचं होतं कुणी बोलतं का). आत्म्याला बोलावणाऱ्याचा देव कळतो हे त्याला सांगितलं तेव्हा तो एकदम ताठ बसला. म्हणाला मग ती त्या पुजाऱ्याला नाही म्हणेल. आपल्या क्लेरिकने बोलावलं तर येईल.

आता क्लेरिकला पाचव्या लेव्हलचा स्पेल नाही. म्हणून मी असं ठरवतेय की पुजाऱ्याचा पहिला प्रयत्न नकाराने फसेल, हिरा वाचेल, आणि मंदिरात रेझ डेडचा एक स्क्रोल (स्पेल लिहिलेली गुंडाळी) आहे तो आमचा क्लेरिक वाचेल. स्पेल त्याच्या यादीतला आहे पण लेव्हलच्या वरचा, त्यामुळे चेक लागेल, डीसी १० अधिक स्पेलची लेव्हल म्हणजे १५. चेक फसला तर स्क्रोल गेला. मित्राला विचारलं हा धोका चालेल का. म्हणाला चालेल, फासा सगळ्यांसमोर टाकायचा. अर्पणाचा भाग शाईदौत यांच्या पद्धतीने, पण ती अर्पणं मी क्लेरिकच्या या चेकलाच जोडतेय, प्रत्येक यशस्वी अर्पणाला डीसी एकने कमी. आणि स्क्रोलच्या बदल्यात मंदिर पॅलाडिनकडून एक वर्षाची सेवा मागणार.

जुना_गडी:
हे मला पटलं. डीसी त्यांना आधी सांगा, लपवू नका.

पार्टीतली_चोरटी:
नकाराच्या सीनमध्ये मित्रालाच बोलू द्या हं, तुम्ही वर्णन करू नका.

अर्धाएल्फ:
मस्त जमतंय. एकच आठवण, यशस्वी झालं तर ती एक एचपीवर उठेल आणि तिला अटॅक, सेव्ह, चेक सगळ्यावर वजा चार असेल, प्रत्येक लाँग रेस्टला एकने कमी होत जाईल. म्हणजे चार रात्री. घुलांचा पुढचा हल्ला लगेच ठेवला असेल तर तो थोडा मागे ढकला, आणि त्या चार दिवसांत एखादं असं काम ठेवा जे तिला वजा चार असूनही बाकीच्यांपेक्षा बरं जमतं. माग काढणं वगैरे. स्क्रोलचा निकाल काय लागतो ते इथे नक्की लिहा.